आधी नदी, मग सायकल

संगमनेर तालुक्यात कोळसा नाही, लोखंड नाही, मँगनीजही नाही. तरी इथल्या तहसील कचेरीतलं गौण खनिजाचं टेबल कधी रिकामं नसतं. वाळू, मुरूम, डबर, खडी. प्रवरा, म्हाळुंगी, आढळा आणि दक्षिण अंगाची मुळा या नद्यांच्या पात्रांतून वर्षानुवर्षं वाळू निघत राहिली. महामार्गाच्या एका टोकाला नाशिक, दुसऱ्या टोकाला पुणे, दोन्ही शहरं वाढती, आणि मधे संगमनेर. गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. खाणपट्टा म्हटलं की आपण चंद्रपूर-बल्लारपूरचं नाव घेतो, गोव्यातल्या डिचोली-सांग्याचं घेतो, फार तर वेंगुर्ल्याजवळच्या रेडीचं. माझ्या मते प्रवराकाठही त्याच यादीत बसतो. फरक इतकाच, की इथली खाण लांबच लांब आहे, उथळ आहे आणि रात्रपाळीची आहे.

खाणी बंद पडलेल्या मुलखात सायकलवाटा काढून गावं पुन्हा उभी करायची, ही कल्पना युरोपात आता जुनी झाली. आपल्याकडे ती अधूनमधून एखाद्या सादरीकरणात चमकते: हिरवा डोंगर, निळं पाणी, हेल्मेट घातलेलं हसरं जोडपं. प्रवराकाठासाठी असं चित्र काढायला कुणालाही अर्धा तास पुरेल. चित्र खोटंही ठरणार नाही, कारण भंडारदऱ्यापासून नेवाशापर्यंतच्या या नदीइतकं पाहण्यासारखं काठावर असलेली नदी महाराष्ट्रात शोधावी लागेल. पण ज्यांनी हे करून दाखवलं, त्यांनी ते कोणत्या क्रमानं केलं ते सादरीकरणात येत नाही. म्हणून आधी तिकडे जाऊ.

बेल्जियमच्या पूर्वेला लिम्बुर्ग नावाचा प्रांत आहे. १९०१ साली तिथे आंद्रे द्युमाँ या भूगर्भशास्त्रज्ञानं केलेल्या छिद्रातून कोळसा वर आला. त्याआधी हा भाग म्हणजे रेताड माळ, गवत आणि पाईनची झाडं. पुढे सात खाणी झाल्या. विंटरस्लाख, वाटरश्काय, झ्वार्टबर्ग, आइस्डेन, हाउटहालेन, झोल्डर, बेरिंगेन. खाणींभोवती कामगारांच्या वसाहती वसल्या. इटलीतून, पोलंडमधून, तुर्कस्तानातून, मोरोक्कोतून माणसं आली. १९६६ साली झ्वार्टबर्गची खाण बंद करायचं ठरलं तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबार-धुमश्चक्रीत दोघं मेले. बाकीच्या खाणी एकेक करत मिटत गेल्या. शेवटची झोल्डरची, सप्टेंबर १९९२ मध्ये. मागे राहिले दगड-मातीचे काळे डोंगर, लोखंडी मनोरे आणि काम नसलेली माणसं.

तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, याच प्रांतात एक नवी सायकलव्यवस्था सुरू झाली. तिचा जनक ह्यूगो बोलेन, पेशानं खाण अभियंता. त्याची युक्ती अशी की रस्ता नवा बांधायचाच नाही. गावरस्ते, कालव्याकाठच्या वाटा, जंगलातल्या पायवाटा आहेत त्याच घ्यायच्या आणि त्या जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक तिठ्या-चौकाला एक आकडा द्यायचा. तिथे पाटी. पाटीवर आपला आकडा आणि शेजारच्या आकड्यांकडे जाणारे बाण, बस्स. घरातून निघताना चिठोऱ्यावर चार-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचं. वाटेत कंटाळा आला, पाऊस आला, पोरगं रडायला लागलं, तर दोन आकडे गाळून मागं फिरायचं. ठिपक्यांची रांगोळी असते तसं. ठिपके ठरलेले, कोणता कोणाला जोडायचा हे बोट ठरवतं. कुणा शहाण्यानं आखलेल्या एकाच 'मार्गा'वर अडकून पडायचं नाही. ही पद्धत पुढे सगळ्या फ्लँडर्समध्ये, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत पसरली. एकट्या लिम्बुर्गमध्ये असं जाळं सुमारे २,००० किलोमीटरचं आहे.

आपल्याकडे ज्याचे फोटो फिरतात ते यानंतरचं. बोक्राइकच्या तळ्यातून २०१६ साली काढलेली २१२ मीटरची वाट. दोन्ही बाजूंनी पाणी अगदी डोळ्यांच्या उंचीला, आणि सायकलवाला तळ्याच्या मधोमध कोरडाच. २०१९ मध्ये हेख्तेल-एक्सेलच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांमधून वर चढत जाणारं ७०० मीटरचं वर्तुळ. खाणींच्या पट्ट्यात २००६ साली होगे केंपेन हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी झटणाऱ्या इग्नास स्खोप्स यांना २००८ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. विंटरस्लाखच्या खाणीत आज कलाकेंद्र आहे आणि बेरिंगेनच्या कोळशाच्या डोंगरावर मुलं चढाओढ करतात.

तळ्यातली वाट आली ती आकड्यांच्या पाट्यांनंतर वीस-एकवीस वर्षांनी. आपल्याकडे उलटं होतं. आधी काचेचा पूल, मग त्याच्याकडे जायला रस्ता, मग त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी.

आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. सायकलींनी लिम्बुर्गच्या खाणकामगारांना रोजगार परत दिला नाही. हजारो नोकऱ्यांची जागा चार कॅफे आणि सायकल भाड्यानं देणारी दुकानं घेऊ शकत नाहीत. खाणी बंद होत असताना त्या भागाला हात दिला होता तो गेंकच्या फोर्ड कारखान्यानं, आणि तोही २०१४ साली बंद झाला. सायकलवाटांनी केलं ते वेगळं: जिकडे कुणी फिरकत नव्हतं त्या काळ्या डोंगरांकडे लोक आपणहून जायला लागले. त्याची किंमत कमी नाही, पण ती पगाराच्या चिठ्ठीत मोजता येत नाही.

ब्रासचा हिशेब

आता प्रवरेकडे. वाळू मोजतात ब्रासनं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ढोबळ मानानं ट्रॅक्टरची एक भरलेली ट्रॉली. २०२३ साली राज्य सरकारनं नवं वाळू धोरण आणलं, ६०० रुपयांत ब्रासभर वाळू देण्याचं जाहीर केलं आणि १ मे २०२३ ला पहिला सरकारी डेपो सुरू झाला तो श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला. २०२५ मध्ये पुन्हा नवं धोरण आलं, पाठोपाठ कृत्रिम वाळूचं. धोरणं बदलतात, पण नदीचा हिशेब बदलत नाही. तो असा आहे, की वाळू येते वरून, सह्याद्रीतून, पुराबरोबर. प्रवरा रतनगडाच्या बाजूला उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्या खाली अलीकडे निळवंडे झालं, आढळेवर देवठाणला धरण आहे. धरणं पाणी अडवतात तसा गाळ आणि वाळूही अडवतात. म्हणजे खालच्या पात्रात जी वाळू होती ती बहुतांशी जुनी ठेव. दरसाल जमा नगण्य आणि उचल मात्र रोजची.

ही उचल कशी होते ते काठावरच्या कुठल्याही गावात विचारायची गरज नाही, दिसतं. पात्रात उतरणारी, खोल चाकोऱ्या पडलेली वाट. काठाची माती कापून केलेला उतार. चाळणीखाली राहिलेले गोट्यांचे ढीग. मधेच पुरुषभर खोल खड्डे, त्यांत साचलेलं हिरवं पाणी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे पाय उघडे पडलेले. वाळू असते तेव्हा पुराचं पाणी तिच्यात मुरतं आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना झिरपत राहतं. वाळू गेली की खडक उरतो, त्यावरून पाणी निघून जातं, आणि माघ संपायच्या आत शेतकरी विहिरीत आडवं बोअर मारायला माणूस शोधतो. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत आहे, वाहन जप्त होतं, तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या अंगावर गाड्या घातल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली दीपककुमार प्रकरणात छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. तरी पात्रातल्या चाकोऱ्या ताज्या दिसतात.

लिम्बुर्ग आणि प्रवरा यांत खरा फरक हा. तिथे खाण आधी मिटली, सायकल नंतर आली. इथे खाण मिटलेलीच नाही. ज्या पात्रातून रात्री डंपर निघतो त्याच्या काठी सकाळी पर्यटक आणून उभा केला, तर तो एकदा येईल, फोटो काढील आणि पुन्हा येणार नाही. कुणी म्हणेल, चार लोकांची येजा वाढली की वाळूवाले आपोआप बिचकतील. हे मला पटत नाही. महसूल खात्याला जे जमत नाही ते काम पाहुण्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

काठावर काय आहे

तरीही सायकलचा विचार सोडवत नाही, त्याचं कारण हा काठच.

संगमनेरहून नदीच्या अंगानं पूर्वेला निघालं की दहा-बारा किलोमीटरवर जोर्वे लागतं. भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात या गावाचं नाव आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आणि लाल अंगावर काळी नक्षी काढलेली, तोटीची मातीची भांडी. पुढे महाराष्ट्रभर जिथे जिथे तशी भांडी निघाली ती सगळी 'जोर्वे संस्कृती'त मोजली गेली. काळ साधारण इसवीसनापूर्वी १४०० ते ७००. म्हणजे सातवाहनांच्याही आधी या नदीवर शेती करून राहणाऱ्या लोकांची ओळख जगाला या गावाच्या नावानं झाली. बाहेरून आलेल्या माणसाला जोर्वे ओळखीचं असतं ते राजकारणामुळे. भांड्यांमुळे ते ओळखणारे थोडे.

तसंच खाली गेलं की ओझरचा बंधारा. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की पाणी कालव्यानं नाही, नदीतूनच इथवर येतं आणि इथून डाव्या-उजव्या प्रवरा कालव्यात वळतं. आवर्तनाच्या दिवसांत नदी दोन्ही काठ भिजवत वाहते, एरवी डबक्यांची माळ. पुढे आश्वी, दाढ आणि मग लोणी. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला, १९५० च्या अखेरीस त्याचं पहिलं गाळप झालं. त्याच्याही पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. तिथे १९७४ साली झाडाचं मूळ खणताना काशाची चार शिल्पं निघाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. उत्तर हडप्पाकाळातली मानली जातात. शिल्पं संग्रहालयांत गेली, गावात टेकाड राहिलं. आणि शेवटी नेवासे, जिथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो पैस आजही आहे. तिथून प्रवरासंगमाला नदी गोदावरीला मिळते. उगमापासून सगळी लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला चार दिवसांचं काम.

पश्चिमेकडची बाजू आणखी वेगळी. अकोले गावात नदीकाठी अगस्ती आश्रम आणि सिद्धेश्वराचं जुनं देऊळ. आढळेच्या काठी टाहाकारीचं जगदंबेचं मंदिर, ज्याचं कोरीवकाम पाहायला खास वाट वाकडी करावी. कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची देशी बियाण्यांची बँक. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पट्ट्याचा किल्ला, ज्यावर जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुक्काम केला आणि ज्याला विश्रामगड नाव पडलं. दक्षिणेला पेमगिरी, जिथे शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसाला गादीवर बसवलं, आणि त्या गडाच्या परिसरात एक अवाढव्य वड. याच संगमनेरचा शाहीर अनंत फंदी. एवढं सगळं पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत आहे आणि बहुतेक जण ते महामार्गावरून ताशी ऐंशीच्या वेगानं मागं टाकतात. चंदनापुरी घाट उतरला की डोळे लागतात ते सिन्नरलाच उघडतात.

रस्तेही आहेत. सगळ्यांत चांगले ते पाटाचे. कालव्याच्या भरावावरून जीप जाईल एवढी मुरमाची वाट असते, खात्याच्या माणसांनी पाहणी करायला ठेवलेली. चढ जवळजवळ नाही, कारण पाणी हळूहळूच उतरायला हवं. निळवंड्याचा डावा कालवा ८५ किलोमीटरचा. १९७० मध्ये कल्पना निघालेल्या या प्रकल्पाचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. तळेगाव दिघे-निमोणच्या ज्या कोरड्या पट्ट्यानं टँकरखेरीज काही पाहिलं नव्हतं, तिथून आता हे पाणी जातं. एका बाजूला भरलेला पाट आणि दुसऱ्या बाजूला अजून विश्वास न बसलेली माळरानं, यांच्यामधून सायकल मारणं यात जी गंमत आहे ती झाडांच्या शेंड्यांवरच्या वर्तुळात नसेल.

अडचणी

पहिली अडचण ऊस. दिवाळीनंतर कारखाने पेटले की या भागातल्या प्रत्येक रस्त्यावर जोडट्रॉल्या चालू होतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि कडेला दोन्ही अंगांनी लोंबणारं वाढं. हवा नेमकी सायकलला चांगली असते तेव्हाच हा हंगाम असतो. दसरा ते संक्रांत सायकल चालवायची म्हटली तर ट्रॉल्यांचे रस्ते आणि सायकलीचे रस्ते वेगळे पाडावे लागतील, आणि पाटाच्या वाटेचा खरा उपयोग तिथे आहे.

दुसरी अडचण बिबट्या. हसण्यावारी नेऊ नये. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या त्या शेतीच्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरमागं सुमारे पाच बिबटे निघाले. ऊस हेच त्यांचं रान. संगमनेर-जुन्नरच्या माणसाला हे सांगायला अभ्यास लागत नाही. पुण्याहून आलेला सायकलवाला मात्र पहाटे साडेचारला, डोक्याला दिवा बांधून, एकटा, कानात गाणी घालून निघतो. त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे की इथे उजाडल्यावर निघायचं आणि दिवे लागायच्या आत मुक्कामी पोचायचं. कुत्र्यांचं तर वेगळं सांगत नाही.

तिसरी अडचण गर्दीची हौस. भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला लोक जातात. आता शनिवार-रविवारी गाड्यांच्या इतक्या रांगा लागतात, की हेडलाइटच्या उजेडात काजवा शोधावा लागतो. पर्यटन म्हणजे गाड्या, आणि गाड्या म्हणजे पार्किंगचे पैसे, हे गणित गावांच्या अंगवळणी पडलं आहे. सायकलवाला पार्किंग देत नाही. तो दर वीस किलोमीटरला थांबतो, चहा पितो, भेळ-मिसळ खातो, पाणी मागतो, पंक्चर काढून घेतो, आणि लांबून आला असेल तर रात्री कुणाच्या तरी पडवीत झोपतो. थोडे थोडे पैसे, पण बऱ्याच गावांत वाटले जाणारे. नाशिक आणि पुणे या दोन्ही शहरांत असे लोक पुष्कळ आहेत. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पुरी केल्यापासून तिथे सायकलींची लाटच आली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. हे लोक कुठेतरी चालवणारच आहेत. आज ते महामार्गाच्या पांढऱ्या पट्टीवर, ट्रकच्या वाऱ्यात चालवतात.

आणि हे विसरू नये की या रस्त्यांवर आजही रोज सायकल चालते. शाळेतल्या मुली, डेअरीवर कॅन घेऊन जाणारा म्हातारा, विटभट्टीवरचा मजूर. पाटी लागली, कडेचं काटेरी झुडूप निघालं, मोरीचा तुटलेला कठडा नीट झाला, तर पहिला फायदा त्यांना. पर्यटकासाठी केलेली आणि गावच्या पोरीला न चालणारी वाट माझ्या लेखी बादच.

चार खाती आणि एक पाटी

हे करायचं कोणी? कालव्याचा भराव जलसंपदा खात्याचा. गावरस्ता जिल्हा परिषदेचा. नदीचं पात्र महसूलचं. पट्ट्याच्या किल्ल्याखालचं रान वनखात्याचं. सायकल या चौघांपैकी कुणाचीच नाही. पैशाचा प्रश्न तितका कठीण नाही. खाणींमुळे बाधित भागासाठी २०१५ च्या कायद्यातून जिल्हा खनिज प्रतिष्ठान उभं राहिलं आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाबरोबर त्याच्यासाठीही रक्कम कापली जाते. वाळूनं ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांच्याच काठावर त्यातला काही भाग यावा, यात वावगं काय? पण तो आधी बंधाऱ्यांच्या पायांवर आणि काठ बांधण्यावर खर्च व्हावा. पाट्या स्वस्त असतात.

संगमनेरला अशा कामाची सवय नाही असंही नाही. इथले सहकारातले नेते भाऊसाहेब थोरातांनी २००६ मध्ये दंडकारण्य अभियान सुरू केलं तेव्हा तालुक्यातल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर बिया टाकायला शाळेची पोरं, बायाबापड्या, कारखान्याचे कामगार गेले होते. तालुका एकदा मनावर घेतो तेव्हा घेतो.

माझ्यापुरतं विचाराल तर मी सुरुवात नदीपासून दूर करीन, जिथे खणण्यासारखं काही नाही तिथून. निळवंड्याच्या डाव्या कालव्यावर, तळेगाव दिघ्याच्या आसपास, पाट आणि गावरस्ते जिथे जिथे छेदतात तिथे दहा-बारा आकडे रंगवायचे. खर्च म्हणाल तर पिवळ्या रंगाचे डबे आणि एक पेंटर. दोन हंगाम लोक येतात का, कुठे थांबतात, कुणाच्या टपरीवर चहा खपतो, ट्रॉल्या कुठे आडव्या येतात, हे पाहायचं. जाळं तिथून हळूहळू दक्षिणेला, प्रवरेकडे सरकवायचं. मात्र ज्या गावाच्या ग्रामसभेनं वाळूउपशाविरुद्ध ठराव केला आहे आणि ज्याच्या पात्रातल्या चाकोऱ्यांत गवत उगवलं आहे, त्याच गावाला नदीकाठचा आकडा द्यायचा. बाकीच्यांचा आकडा राखून ठेवायचा. नकाशावर तेवढी जागा कोरी राहील. ती कोरी का, हे टपरीवर कुणी विचारलंच तर चहावाला सांगेल.